मदत हवी आहे: अ‍ॅलर्जीच्या चाचण्या निगेटिव्ह, पण आईच्या शिंका थांबेनात

आई साठीच्या घरात आहे, सदाशिव पेठेत जुन्या वाड्यात राहते. सकाळी अंथरुणं झटकली किंवा माळ्यावरची ट्रंक उघडली की सटासट शिंका, नाकाला धार, डोळे चुरचुरणं. मग नाक चोंदतं ते दुपारपर्यंत. पावसाळ्यात भिंतींना ओल आली की विचारूच नका.

हातावर टोचून केलेली चाचणी निगेटिव्ह. रक्तातलं आयजीई (अ‍ॅलर्जीत तयार होणारं प्रतिपिंड) तेसुद्धा निगेटिव्ह. (अ‍ॅलर्जीच्या गोळ्या आधी आठवडाभर बंद ठेवल्या होत्या, त्यामुळे गोळ्यांमुळे चाचणी निगेटिव्ह आली ही शंका नको.) डॉक्टर म्हणाले, अ‍ॅलर्जी नाही, हवामानाचा त्रास आहे. पण नुसतं हवामानच असेल, तर सेट्रिझिनने (अ‍ॅलर्जीची गोळी) शिंका लगेच कशा थांबतात?

शोधताना 'लोकल अ‍ॅलर्जिक ऱ्हायनायटिस' म्हणजे फक्त नाकापुरती अ‍ॅलर्जी, हा प्रकार सापडला. स्पेनमधल्या मालागाच्या संशोधकांनी यावर बरंच काम केलंय. मला कळलं ते असं: यात आयजीई नाकाच्या अस्तरातच तयार होतं आणि तिथल्याच मास्ट पेशींवर जाऊन बसतं. धुळीतल्या किड्यांचा अंश आत गेला की या पेशी हिस्टामिन (शिंका, पाणी आणणारं रसायन) सोडतात, काही तासांनी इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) याही जमतात. सगळा कारभार नाकातच, त्यामुळे त्वचा आणि रक्त दोन्ही कोरे. खरं-खोटं करायचं तर संशयित पदार्थाचा अर्क थेट नाकात देऊन काय होतं ते बघावं लागतं.

पुण्यात कुणी ही चाचणी करून घेतली आहे का? त्यासाठी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं की अ‍ॅलर्जीतज्ज्ञाकडे? की नाकातला स्राव काचपट्टीवर घेऊन इओसिनोफिल बघितले तरी भागेल?

हळदीचं दूध, वाफ, जलनेती सगळं झालंय. कृपया तेच पुन्हा सुचवू नका.

प्रतिसाद १

काचपट्टीवर भागणार नाही. अ‍ॅलर्जी नसतानाही इओसिनोफिल वाढलेले असतात असा एक प्रकार आहे, त्याला नेअर्स म्हणतात. नाकातली चाचणी साध्या दवाखान्यात सहसा करत नाहीत, आधी फोन करून विचारा. आईंना दमा असेल तर ते पहिल्यांदा सांगा.

त्याआधी टोचण्याच्या चाचणीचा कागद काढा आणि कोणकोणते अर्क वापरले होते ते बघा. ओल म्हणजे बुरशी आलीच. शिवाय गाजर गवत, ते तर आपल्या पुण्यातलंच जुनं दुखणं, 1950च्या दशकापासूनचं. यादीत जे नाही त्याची चाचणी झालेलीच नाही.

बाकी नाकातल्या चाचणीचं उत्तर काहीही आलं तरी गोळी आणि स्टिरॉइडचा स्प्रे तेच. फरक पडतो तो इम्युनोथेरपीचा (अ‍ॅलर्जीच्या पदार्थाचे ठरावीक डोस देऊन शरीराला त्याची सवय लावणं) विचार असेल तर. तोवर चादरी-अभ्रे कढत पाण्यात धुवा, 60 अंशांना किडे मरतात. आणि अंथरुणं दुसऱ्या कुणाला तरी झटकू द्या!

धागाकर्ता

आभार. दमा नाही. कागद काढला: धुळीचे किडे, झुरळ, कुत्रा, मांजर, काही परागकण. बुरशी एकही नाही, गाजर गवतही नाही. मग आधी या दोन्हींची चाचणी करून घेतो. नाकातल्या चाचणीबद्दल कुणाला पक्कं ठिकाण माहीत असेल तर सांगा, धागा उघडा ठेवतोय.