सकाळची नाडी 10 ने वाढली, हात जड पडलेत: पोराला विश्रांती द्यायची की रेटायचं?

कॉर्नर_सातारा

नमस्कार मंडळी. साताऱ्यातल्या एका छोट्या बॉक्सिंग क्लबमध्ये मी कॉर्नर सांभाळतो, म्हणजे लढतीत रिंगच्या कोपऱ्यात थांबून खेळाडूकडे बघतो. आमच्याकडचा एक मुलगा आहे, वय 18, वजन 60 किलो. पाच आठवड्यांनी जिल्हा स्पर्धा आहे आणि सोबत पोलीस भरतीचं ग्राउंडही (मैदानी चाचणीची तयारी) चालू आहे.

सध्याचं वेळापत्रक असं: सोमवार ते शनिवार पहाटे एक तास धावणं. त्यात सोम-बुध-शुक्र यवतेश्वर घाट, बाकीचे दिवस सपाटीवर 8 किमी. संध्याकाळी दोन तास दोरी, शॅडो (हवेत ठोसे मारण्याचा सराव), बॅग, पॅड (प्रशिक्षकाच्या हातातल्या गादीवर ठोसे) आणि शेवटी 300 बैठका. मंगळ-गुरु-शनि स्पारिंग (समोर माणूस घेऊन सरावाची लढत), तेही पूर्ण जोरात. रविवारी अजिंक्यतारा चढून-उतरून सव्वा तास.

तीन आठवड्यांपासून हात जड पडलेत. आधी सहज चुकवायचा ते जॅब (पुढच्या हाताचे सरळ ठोसे) आता तोंडावर घेतोय. रात्री झोप लागत नाही, जेवण कमी झालंय, चिडचिड वाढलीय. उठल्या-उठल्या नाडी 58 असायची, ती आता 68 च्या आसपास आहे. मुख्य प्रशिक्षकांचं म्हणणं, पोरगं अंग चोरतंय, अजून रेटा. मला भीती वाटते. पण एवढ्या जवळ स्पर्धा असताना सुट्टी दिली तर दम जाईल का, हेही कळत नाही.

कृष्णाकाठ_बॉक्सिंग (सांगली)

दादा, तुम्ही दिलेल्या माहितीतच उत्तर आहे. ते आकड्यात मांडून पाहा, म्हणजे प्रशिक्षकांनाही दाखवता येईल.

पद्धत सोपी आहे. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने मुलाला विचारायचं, 'आजचं काम 0 ते 10 मध्ये किती जड गेलं?' तो आकडा गुणिले सरावाची मिनिटं. त्याच्याकडून खरे आकडे घ्याच, तूर्त मी अंदाजाने धरतो. घाटाला 8, सपाटीला 6, साध्या संध्याकाळीला 7, स्पारिंगच्या संध्याकाळीला 8.

सोमवार: 60 × 8 अधिक 120 × 7, म्हणजे 1320.
मंगळवार: 60 × 6 अधिक 120 × 8, म्हणजे 1320.

बुधवार-शुक्रवार सोमवारसारखे, गुरुवार-शनिवार मंगळवारसारखे. सहाही दिवस 1320. रविवारी किल्ल्याचे 75 × 7, म्हणजे 525. आठवड्याची बेरीज 8445. बेरीज मोठी आहेच, पण त्याहून वाईट गोष्ट म्हणजे सगळे दिवस एकाच उंचीचे आहेत. हलका दिवस एकही नाही, आणि ज्याला आपण सुट्टी म्हणतो त्या रविवारीही चढ आहे. स्नायूंतली साखर पूर्ण भरायला 24 ते 48 तास लागतात. घाट चढलेल्या पायांचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही त्याला स्पारिंगला उभं करता. मग जॅब दिसतो, पण पाय हलत नाहीत.

ताकद सराव करताना वाढत नसते, सरावानंतर शरीर भरून काढतं तेव्हा वाढते. थोडा थकवा साठला तर चार-आठ दिवसांच्या हलक्या कामाने तो उतरतो आणि खेळाडू आधीपेक्षा वर येतो. तोच रेटत नेला तर सावरायला काही आठवडे जातात. त्याच्याही पुढे गेलं तर महिनोन् महिने. तुमचा मुलगा दुसऱ्या पायरीच्या तोंडाशी आहे असं मला वाटतं, म्हणून आजच थांबा.

दमाची काळजी नको. आठवडाभराच्या विश्रांतीने दम फारसा उतरत नाही. लक्षात येण्याजोगी घट साधारण दहा-बारा दिवस काहीच केलं नाही तर सुरू होते, आणि तुम्ही तितकं थांबणार नाही आहात.

पाच आठवडे असे लावा:

पहिला आठवडा: चार दिवस पूर्ण सुट्टी. बॅग नाही, दोरी नाही, बैठका नाहीत. सपाटीवर अर्धा तास चालणं चालेल. पुढचे तीन दिवस रोज 30-40 मिनिटं हलकी शॅडो आणि पायांचं काम, बोलता-बोलता जमेल इतपतच.

दुसरा आठवडा: बेरीज 3000 पर्यंत. पॅड चालतील, स्पारिंग अजिबात नाही.

तिसरा आणि चौथा: 5000 च्या आसपास. दोन दिवस जड (1300), दोन मध्यम (800), दोन हलके (350) आणि रविवार शून्य. जड दिवसाला लागून दुसरा जड दिवस ठेवायचा नाही. स्पारिंग आठवड्यातून एकदा. तिसऱ्या आठवड्यात फक्त जॅब आणि बचावाचं, हलक्या हाताने. चौथ्या आठवड्याच्या मध्यावर एकदाच जोरात, म्हणजे स्पर्धेला आठ-दहा दिवस राहतील.

पाचवा: वेळ निम्मा करा, वेग तसाच ठेवा. पॅडच्या तीन फेऱ्या कडक मारायच्या आणि घरी जायचं. या आठवड्यात 'थोडं अजून' करण्याचा मोह सर्वांना होतो. नवीन ताकद आता तयार होणार नाही, फक्त थकवा वाढेल.

8445 वर परत जायचंच नाही. लढत 3 मिनिटांच्या 3 फेऱ्यांची असते, मध्ये 1 मिनिट. नऊ मिनिटांच्या कामासाठी रोज तासभर धावायची गरज नाही.

बैठकांबद्दल एक सांगतो. आपल्याकडे तालमीची परंपरा मोठी आहे आणि जोर-बैठकांना मी नावं ठेवणार नाही. पण पैलवानाच्या दिवसात दुपारची झोप आणि खुराक दोन्ही धरलेले असतात. त्यातल्या फक्त बैठका उचलून घाटाच्या धावण्यावर चढवल्या तर मांड्या भरून येणारच.

मिरज_फिजिओ

वरचं वेळापत्रक चांगलं आहे. पण त्याआधी दोन गोष्टी तपासायला हव्यात, नाहीतर चुकीच्या रोगावर विश्रांतीचं औषध होईल.

पहिली आणि तातडीची गोष्ट डोक्याची. आठवड्यातून तीनदा पूर्ण जोराचं स्पारिंग, त्यात तो तोंडावर जॅब घेतोय, झोप बिघडलीय, चिडचिड आहे, हालचाल मंदावलीय. डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसला तरी हीच लक्षणं दिसतात. त्याला एकट्याला बसवून विचारा: डोकं दुखतं का? उजेड किंवा गोंगाट नकोसा होतो का? मळमळ, गरगर, धूसर दिसणं आहे का? सांगितलेलं कॉम्बिनेशन (ठोशांचा क्रम) विसरतो का? यातल्या एकालाही 'हो' आलं तर स्पारिंग त्याच दिवसापासून बंद आणि डॉक्टरांकडे. वाढती डोकेदुखी, वारंवार उलट्या, गुंगी, हातापायात मुंग्या किंवा अशक्तपणा असेल तर थेट इस्पितळ गाठा, सकाळची वाट पाहू नका.

अशा वेळी परतीचा क्रम ठरलेला असतो: पहिला दीड-दोन दिवस आराम, मग हलकं चालणं किंवा सायकल, मग शॅडो आणि पायांचं काम, मग बॅग आणि पॅड, आणि डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्यावरच समोर माणूस. प्रत्येक पायरीला किमान 24 तास. लक्षण वाढलं तर एक पायरी मागे. थकलेला बॉक्सर हात खाली सोडतो, मान सैल ठेवतो, ठोसा येताना त्याला उशिरा दिसतो. दमलेल्या मुलाला स्पारिंगला उभं करू नये याचं माझ्या दृष्टीने सर्वांत मोठं कारण हेच.

दुसरी गोष्ट रक्ताची. अतिसराव हे निदान बाकी सगळं वगळल्यावर करायचं असतं. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, व्हिटॅमिन डी आणि बी 12, उपाशीपोटी साखर एवढं करून घ्या. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन कमी असू शकतं. शाकाहारी मुलांत बी 12 ची कमतरता बरीच दिसते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळची कणकण आणि वजन घटणं असेल तर क्षयरोगासाठी थुंकी तपासा. ताप असताना सराव बिलकुल नको. विषाणूचा ताप हृदयाच्या स्नायूपर्यंत गेलेला असेल तर त्यात जोर लावणं जिवावर बेतू शकतं. छातीत दुखणं, धडधड किंवा व्यायाम करताना भोवळ आली असेल तर ईसीजी झाल्याशिवाय मैदानात उतरवू नका.

नाडी मोजायची पद्धतही पक्की करा. जाग आल्यावर अंथरुणातच, उठून बसण्याआधी, पूर्ण 60 सेकंद. 15 सेकंद मोजून चारने गुणलं तर एका ठोक्याची चूक चार ठोक्यांची होते. उकाडा, कमी पाणी, जागरण यानेही नाडी वाढते, म्हणून एका दिवसावर निर्णय नको. तीन दिवसांची सरासरी नेहमीपेक्षा 5 ने वर असेल तर हलका दिवस, 8-10 ने वर असेल तर सुट्टी.

खुराक_कट्टा (विटा)

जेवणाचं कोणी विचारलं नाही. हा मुलगा वजन उतरवतोय का? बरेचदा 'अतिसराव' म्हणतो ती निम्मी उपासमार असते. एवढं काम करणाऱ्याला किलोमागे रोज 5 ते 7 ग्रॅम कर्बोदकं लागतात, म्हणजे 60 किलोला 300 ते 420 ग्रॅम. 50 ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत साधारण 35 ग्रॅम मिळतात, भाताच्या मोठ्या वाटीत 40. दोन भाकऱ्या आणि भाजीवर दिवस काढणारा मुलगा निम्म्यावरही पोचत नाही. मग झोप उडते, चिडचिड होते, हात जड पडतात.

प्रथिनं किलोमागे 1.6 ते 1.8, म्हणजे दिवसाला 100 ग्रॅमच्या आसपास. अंड्यात 6, पाव लिटर दुधात 8, 50 ग्रॅम कोरड्या सोयाबीन वडीत 25, मूठभर फुटाण्यात 8-10. पावडरचा डबा लागत नाही. संध्याकाळच्या सरावानंतर तासाभरात पोटभर जेवण झालंच पाहिजे. नऊ वाजता घरी जाऊन नुसतं दूध पिऊन झोपणं बंद करा.

सरावाआधी आणि नंतर वजन करा. जितकं घटलं त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी पुढच्या काही तासांत, चिमूटभर मीठ घालून किंवा ताकातून. प्लास्टिकचा सूट घालून पळवत असाल तर आजच काढून टाका. हौशी स्पर्धेत वजन लढतीच्या दिवशी सकाळी होतं, उतरवलेलं पाणी भरून काढायला वेळच मिळत नाही.

कॉर्नर_सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार. विचारलं त्याला. डोकेदुखी आहे, स्पारिंगच्या रात्री, सांगितली नव्हती. उद्याच डॉक्टरांकडे नेतोय आणि स्पारिंग बंद केलंय. वजन 62 वरून 60 वर आणायला रात्रीची भाकरी सोडली होती, हेही आज कळलं.

एकच अडचण. भरतीचं ग्राउंड तो सोडणार नाही, घरच्यांचा सगळा भरवसा त्यावर आहे. 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळा यात कसं बसवायचं?

कृष्णाकाठ_बॉक्सिंग (सांगली)

डोकेदुखी निघाली तर माझं वेळापत्रक बाजूला ठेवा. आधी डॉक्टरांचा शब्द, मग माझे आकडे.

परवानगी मिळाल्यावर ग्राउंड आणि बॉक्सिंग असे दोन सराव चालवू नका. भरतीचं धावणं हेच त्याचं बॉक्सिंगचं धावणं धरा. एका जड दिवशी सकाळी 400 मीटरच्या सहा फेऱ्या, 1600 च्या वेगाने, मध्ये 2 मिनिटं चालणं. यात 1600 चा वेगही येतो आणि फेरीमागून फेरी टिकण्याचा दमही. दुसऱ्या जड दिवशी 60 मीटरचे सहा-सात वेगवान धाव, मध्ये पूर्ण दम घेऊन. तेवढ्याने 100 मीटरची तयारी राहते. हलक्या दिवसांपैकी एकदाच 4-5 किमी सावकाश. यवतेश्वर घाट स्पर्धा होईपर्यंत बंद. चढापेक्षा उतार पायांना जास्त मारतो.

गोळा 7.260 किलोचा आहे, खांदा आणि मनगट तेच. बॅगच्या दिवशी गोळा नको. मध्यम दिवशी आठ-दहा फेका तंत्रासाठी, बस. बैठका 300 वरून 40 वर, तेही आठवड्यातून दोनदा.

स्पारिंग आणि 400 च्या फेऱ्या एकाच दिवशी आल्या तर मध्ये किमान आठ तास आणि एक पूर्ण जेवण हवं. झोप साडेआठ-नऊ तास. पहाटे पाचला ग्राउंड असेल तर आठला अंथरुणात जायला लागेल, आणि संध्याकाळचा क्लब साडेसातला सुटत असेल तर ते जमणारच नाही. म्हणून जड दिवशी सकाळचं धावणं साडेसहाला ढकला.

मिरज_फिजिओ

प्रवेशिकेबद्दल ठरवायला एक तारीख धरा: आजपासून चौदावा दिवस. तोपर्यंत डोकेदुखी पूर्ण गेलेली हवी, नाडीची तीन दिवसांची सरासरी 62 च्या आत हवी, सलग पाच रात्री झोप नीट हवी. आणखी एक चाचणी जोडा. भिंतीला खडू लावून जागेवरून उंच उडी, तीनपैकी सर्वांत चांगली. आज सकाळी एकदा मोजून लिहून ठेवा. चार दिवसांच्या सुट्टीनंतर ती वाढली पाहिजे. चौदाव्या दिवशीही आजच्याइतकीच राहिली तर पाय अजून सावरलेले नाहीत. यातलं एक जरी बसलं नाही तरी या स्पर्धेतून नाव मागे घ्या. ते प्रशिक्षकांना आजच सांगून ठेवा, सरावाच्या बेरजेचा आणि नाडीचा कागद समोर ठेवून, म्हणजे चौदाव्या दिवशी रिंगजवळ वाद होणार नाही.