फीडर लांब टाकायचा तर आधी काय सुधारायचं, हात की दोरी?

नदीकाठ (धागाकर्ता):
गळाने मासे धरताना फीडर (दोरीला बांधलेली, चारा भरायची वजनदार जाळीची डबी) लांब जात नाही म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो बारीक ब्रेडेड (विणलेली) दोरी घेण्याचा. मला हे पटत नाही. आधी हात सुधारा. बहुतेकांचा फीडर रॉडच्या टोकापासून वीतभर खाली लटकत असतो, मग रॉड वाकणार कसा? ३.९ मीटरच्या रॉडला तो १ ते १.५ मीटर खाली सोडा आणि मागे स्थिर होऊ द्या; झुलता फीडर हमखास कडेला जातो. वरचा हात पुढे ढकलतो, खालचा छातीकडे ओढतो, आणि खरा जोर या खालच्या हाताचा. सुरुवात सावकाश, वेग शेवटी. आधीच हिसका दिला तर रॉड कमानीसारखा वाकायच्या आतच जोर संपतो. बोट उशिरा सुटलं की फीडर समोरच आपटतो, लवकर सुटलं की उंच जाऊन जवळ पडतो.

खोलपाणी:
४० मीटरपर्यंत मान्य. त्यापुढे दोरीची जाडीच आडवी येते. ०.२५ मिमीचा तंगूस (एकपदरी नायलॉनची दोरी) रॉडच्या कड्यांना घासतो, वाराही धरतो. ०.१० ते ०.१२ मिमीची ब्रेडेड दोरी त्याच हाताने स्पष्ट लांब जाते. मात्र पुढे ०.२५ ते ०.२८ मिमीचा शॉक लीडर (फेकीचा झटका सोसणारा जाड दोरीचा पुढचा तुकडा) हवाच. फीडर लटकवून फेकीच्या तयारीत असताना लीडरचे ५-६ वेढे रिळावर उरले पाहिजेत. ते नसतील तर सगळा ताण बारीक दोरीवर येतो आणि भरलेला फीडर तुटून जातो. रीळ काठापासून १-२ मिमी खाली राहील इतकं भरा: कमी भरलं तर दोरी काठाला घासते, जास्त भरलं तर वेढे एकदम सुटून गुंता होतो.

नदीकाठ:
लीडरचं बरोबर. पण ब्रेडेड दोरी ताणली जात नाही, त्यामुळे दोरी रिळावरच्या क्लिपला (ठरलेल्या अंतरावर दोरी अडवणारी पट्टी) अडली की नवख्याचा फीडर मागे उसळतो आणि गळाची दोरी त्याच्याभोवती गुंडाळली जाते. फीडर पाण्यावर पोचायच्या जरा आधी रॉड उभा करायचा आणि ताण जाणवताच पुढे झुकवत न्यायचा. ही सवय अंगी बाणल्याशिवाय बारीक दोरी घेऊच नये. क्लिपच्या धारेनेही दोरी कापली जाते. तिथे आत रबराचा छोटा तुकडा ठेवा.

काठावरचा:
दोघांनीही वजनाचा विषय सोडला. रॉडवर ५० ग्रॅम असं फेकीचं कमाल वजन लिहिलेलं असतं, त्यात फीडरमधला ओला चाराही धरायचा. ३० ग्रॅमच्या फीडरमध्ये ३० ग्रॅम चारा दाबला की ६० झाले. अशा रॉडवर पूर्ण जोर लावूच नये. लांब टाकायचं तर वजन पुढच्या टोकाला असलेला फीडर घ्या, तो हवेत गोते खात नाही.

आणि माझा मूळ आक्षेप लांबीच्या हट्टालाच आहे. मासे एका जागी जमतात ते चारा पुन्हा पुन्हा तिथेच पडला तर. दोन काठ्या ४ मीटर अंतरावर रोवा आणि दोरीचे १२ फेरे (एका काठीपासून दुसरीपर्यंत एक) मोजा: ४८ मीटर. तिथे क्लिप लावा, पलीकडच्या काठावरच्या एखाद्या झाडाचा नेम धरून फेका. दहापैकी चार फेकी क्लिपपर्यंत पोचत नसतील तर एक फेरा कमी करा.

खोलपाणी:
मासे ६० मीटरवरच्या उतारावर असतील तर ४८ मीटरवरची अचूकता काय कामाची?

काठावरचा:
तर १५ फेरे मोजा. पण दहाच्या दहा तिथे पडतात का, ते आधी रिकाम्या फीडरने, गळ न लावता तपासा.