“राग सोडा, घाम थांबेल” असा मेसेज फिरवणाऱ्या समस्त ताई-भाऊंसाठी

गोदाकाठ_नांदेड
आपल्या ग्रुपवर परवापासून जो मेसेज फिरतोय तो थोडक्यात असा: पाळी जातानाचा त्रास म्हणजे मनाचा असमतोल, सर्वांना क्षमा करा, घाम थांबेल. सहा महिने शतावरी-अश्वगंधा घ्या. चेहऱ्याला रोज बेसन, हळद, लिंबू लावा. हार्मोनच्या गोळीला हात लावाल तर कॅन्सर. खाली हात जोडलेल्यांची रांग. म्हणून हे लांबलचक.

घामाचं आधी. शरीराचं तापमान मेंदूतला हायपोथॅलॅमस सांभाळतो. इस्ट्रोजेन हे हार्मोन उतरलं की हायपोथॅलॅमसला सहन होणारी तापमानाची पट्टी अरुंद होते. थोडीशी उष्णता वाढली तरी तो “तापलं” म्हणून रक्तवाहिन्या उघडतो. चेहरा लाल, छातीवर घाम, मागून थंडी. यात सासूला क्षमा केली की नाही याचा संबंध कुठं आला? एप्रिलमध्ये 42 अंश, पत्र्याची खोली, वर रात्रीचा ठेचा आणि दहा वाजताचा चहा, हे घाम वाढवणारं खरं सामान. संध्याकाळनंतर चहा बंद, जेवण झोपेच्या दोन-तीन तास आधी, अंगावर सैल सुती, उशाशी ओला पंचा. एवढं तरी लिहायचं होतं मेसेजात.

मनाचं म्हणाल तर पाळी मागंपुढं व्हायला लागते ती मधली काही वर्षं डिप्रेशनसाठी जास्त नाजूक. बाळंतपणानंतर जिला उदासीनं गाठलं होतं तिला जास्त. रात्री घामानं तीनदा उठलेली बाई सकाळी चिडणारच. आधी झोप दुरुस्त करा. आणि “हार्मोनमुळंय” म्हणून सोडून देण्याआधी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन, बी12 तपासा. थायरॉइड आणि रक्तक्षय अगदी याच वेषात येतात. सलग दोन आठवडे कशातच मन लागत नसेल तर डॉक्टर. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेली मानसचा 14416 फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आणि लिंबू! पाळी थांबल्यावर पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं सुमारे 30 टक्के कोलॅजन जातं, तेलग्रंथी मंदावतात. आधीच कोरड्या, पातळ झालेल्या कातडीवरचं उरलंसुरलं तेल बेसनानं ओढायचं, वर 2 ते 3 पीएचचा लिंबूरस चोळायचा आणि उन्हात शेतावर जायचं. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आले की फोड आणि मग काळे डाग. झालं “नैसर्गिक”.

वैद्य_अंबाजोगाई
मेसेज बावळट आहे, मान्य. पण त्याच्या आडून आयुर्वेदावर गोळीबार चाललाय तो कळतोय. सुश्रुतांनी पाळीचा काळ बारा ते पन्नास वर्षं असा सांगून ठेवलाय, म्हणजे या अवस्थेची नोंद घ्यायला आम्ही कोणाची वाट पाहिली नव्हती. वाढलेल्या वाताला अभ्यंग हेच उत्तर: कोमट तीळतेल, अंघोळीआधी अर्धा तास, सांध्यांवर गोल, हाडांवर लांब हात. रात्री तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीनं चोळायचं. झोपेला याहून सोपा उपाय दाखवा. शतावरी चूर्ण 3 ते 6 ग्रॅम दुधातून. बाजारातला शतावरी कल्प (तयार दाणे) बहुतेक साखरच असतो, मधुमेह असेल तर तो नको. आणि बेसन-लिंबू हे वैद्यक नव्हेच, ते टीव्हीवरचं आयुर्वेद.

सिस्टर_जालना
वैद्यराज, अभ्यंगाला कोणाचाच विरोध नाही. अश्वगंधेबद्दल मात्र तुम्ही शिताफीनं गप्प बसलात. थायरॉइडची गोळी चालू असलेल्या बायका ती सर्रास घ्यायल्यात. अश्वगंधेनं थायरॉइड हार्मोन वाढू शकतं. मग धडधड, घाम, चिडचिड, आणि त्याला पुन्हा मेनोपॉज (पाळी जाणं) म्हणायचं. यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज असं दिसलं की त्याच दिवशी बंद.

खाजेवरून आठवलं, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याचा विषय कोणीच काढत नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियमनं भरलेलं पाणी, त्यात 9-10 पीएचची साबणाची वडी. दोन्हींचा मिळून जो चिकट पांढरा थर बादलीला बसतो तोच अंगावर बसतो. तुरटी फिरवून उपयोग नाही. तिनं गढूळपणा खाली बसतो, क्षार तसेच राहतात. उकळूनही सगळे जात नाहीत. मग करायचं काय: कढत पाणी नको, कोमट. पाच-दहा मिनिटांत अंघोळ आटोपा. साबण काखा, जांघा, पावलांपुरता, बाकी अंगाला नुसतं पाणी. फिल्टरचं एक तांब्याभर पाणी शेवटी चेहऱ्यावर. टॉवेलनं घासायचं नाही, टिपायचं, आणि अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, साधी पेट्रोलियम जेली किंवा क्रीम लावायचं. कोरड्या अंगावर नंतर लावलं तर ओलावा कोंडायला उरतोच कुठं? टाचा-नडग्यांना 10 टक्के युरियाचं क्रीम, पण भेगांतून रक्त येत असेल तर नको, झोंबतं. नुसतं ग्लिसरीन उन्हाळ्यात लावू नका. हवेत दमटपणा नसला की ते कातडीतलंच पाणी ओढतं. पाणी घालून पातळ करा, वर तेलाचा हात फिरवा.

परभणी_कुसुम
तेल कोणतं? सगळे तीळ-खोबऱ्यावर अडकलेत आणि घरचं करडईचं तेल फोडणीपुरतं. साध्या करडईत लिनोलिक आम्ल 70 टक्क्यांच्या वर. कातडीची वरची भिंत जे सिरॅमाइड नावाचं स्निग्ध द्रव्य बांधतं त्याला हेच लागतं. महागडं ऑलिव्ह ऑइल ओलिक आम्लानं भरलेलं, ते उलट ही भिंत सैल करतं. फक्त ओलिक जास्त असलेले करडईचे नवे वाण निघालेत, त्यांचं तेल यासाठी घेऊ नका. घाण्याचं ताजं घ्या. हे तेल लवकर खवट होतं, महिन्याभराचंच आणा, गडद बाटलीत ठेवा. खवट तेलानं पुरळ येतं आणि लोक म्हणतात करडई उष्ण पडली.

दुसरं, सोयाबीन. लातूरच्या बाजारात सोयाबीनचे ढीग आणि बायका आयसोफ्लेव्होनच्या (सोयातल्या इस्ट्रोजेनसारख्या द्रव्याच्या) गोळ्या विकत घेतायत. सोयाबीन तेलात आयसोफ्लेव्होन जवळपास नसतात, ते ढेपेत राहतात. म्हणून अख्खा दाणा खा: 30 ग्रॅम, रात्रभर भिजवून, पाणी फेकून, कुकरला मऊ शिजवून, उसळीत. कच्चा किंवा अर्धवट शिजला तर पोट फुगतं, प्रथिनंही नीट पचत नाहीत. त्यातून साधारण 40-50 मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन मिळतात. थायरॉइडच्या गोळीनंतर चार तास सोया नको.

गोदाकाठ_नांदेड
सोयाचा घामावर फरक पडतो तो थोडा, आणि सगळ्यांना पडत नाही. ज्यांच्या आतड्यातले जिवाणू त्यापासून इक्वॉल नावाचं द्रव्य बनवतात त्यांना जास्त. आठ-बारा आठवडे खाऊन पाहा, नाही जमलं तर सोडा. आणि आता कोणी जवसाची चटणी काढू नका. घामासाठी जवसाची चाचणी झालीय, फरक दिसला नाही.

परभणी_कुसुम
बरं बाई, जवस हरली. भाकरीबरोबर खायला तरी परवानगी आहे ना? पोट साफ राहतं तिनं, का त्यालाही चाचणी लागते?

धारूरघाट
वाचायलेय सगळं मघापासून. सोयाबीन 30 ग्रॅम, तळपायाला तूप, काशाची वाटी. कोणासाठी लिहायलात हे? 47-48ला निवांत पाळी जाणाऱ्या बाईसाठी. आमच्याकडं बत्तीस-पस्तिशीत गर्भपिशवी काढलेल्या बाया दर तांड्यावर आहेत. 2019ला नीलम गोऱ्हे समितीनं बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड बायकांना विचारलं, 13,861 जणींची पिशवी काढलेली. सहात एक. त्यांच्या अंगाची आग, सांधेदुखी, रडू येणं, चेहऱ्यावरचं वांग, हे कोणत्या खात्यात टाकता?

लातूरकर_77
ताई, विषय मेनोपॉजमधल्या मनाचा आणि त्वचेचा आहे. ऊसतोडीचा वेगळा काढा ना. शिवाय बऱ्याच जणी स्वतःच डॉक्टरला म्हणतात, काढून टाका, कटकट नको. डॉक्टर बळजबरीनं थोडंच कापतो.

धारूरघाट
स्वतःच म्हणतात! कोयता, म्हणजे ऊसतोडीची एक मजुरी, नवरा-बायकोचा मिळून. मजूर गोळा करणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली. बाई पाळीत बसली की खाडा, खाड्याला दंड, तो उचलीत धरणार. उसाच्या फडात संडास नाही, कापड बदलायला आडोसा नाही. अंगावरून पांढरं जातंय म्हणून दवाखान्यात गेली की “पिशवीला सूज आहे, पुढं कॅन्सर होईल”. पांढरं जाणं संसर्गाचं असेल तर बऱ्याचदा आठवड्याभराच्या गोळ्यांनी भागतं, काही वेळा नवऱ्यालाही औषध लागतं, ते नाही सांगत कोणी. तिची ‘मर्जी’ काय ती एवढीच. आणि विषय वेगळा कसा? हा याच जिल्ह्यांतला सगळ्यात मोठा मेनोपॉज आहे, फक्त दहा-पंधरा वर्षं लवकर आणि एका दिवसात झालेला.

लातूरकर_77
आवाज चढवून मुद्दा मोठा होत नसतो. 2019 नंतर बीडमध्ये पिशवी काढायला जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली की.

धारूरघाट
अट एका जिल्ह्याला, बस सगळीकडं जाती, शेजारच्या जिल्ह्यात जाऊन काढून येतात. आणि ज्यांचं आधी झालं त्यांचं काय, परवानगी मागच्या तारखेनं लावणार का?

सिस्टर_जालना
दोघंही जरा थांबा, यात एक गोष्ट राहून चाललीय आणि उपचार तिच्यावरच ठरतो. पिशवी गेली म्हणजे अंडाशय गेले असं नाही. डिस्चार्ज कार्ड काढा. नुसतं “टीएएच” लिहिलं असेल तर पिशवीच गेलीय, अंडाशय आहेत. पाळी दिसणार नाही, पण हार्मोन चालू. तरी अशांचा मेनोपॉज बाकीच्यांपेक्षा काही वर्षं अलीकडं येऊ शकतो. “बीएसओ” जोडलेलं असेल तर दोन्ही अंडाशय काढलेत. इस्ट्रोजेन काही दिवसांतच तळाला. घाम, झोपमोड, उदासी सगळं एकदम आणि जोरात, कातडी लवकर सुरकुतते, हाडं ठिसूळ व्हायला लागतात. या बाईला क्षमा आणि तूप पुरत नाही. तिला इस्ट्रोजेन लागतं, निदान पाळी नैसर्गिकपणे गेली असती त्या वयापर्यंत. पिशवी नसल्यामुळं सोबत प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनची गरज सहसा पडत नाही. पिशवी असलेल्या बाईला मात्र नुसतं इस्ट्रोजेन कधीच द्यायचं नाही, पिशवीचं अस्तर वाढून कॅन्सरचा धोका.

वैद्य_अंबाजोगाई
आणि स्तनाचा कॅन्सर? तो सोयीस्कर विसरलात.

गोदाकाठ_नांदेड
तो गाजला 2002च्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीमुळं. त्यातल्या बायकांचं सरासरी वय 63, म्हणजे पाळी जाऊन दशक उलटलेलं. दोन्ही हार्मोन घेणाऱ्या दहा हजार बायकांमागे वर्षाला साधारण आठ जास्त स्तनकॅन्सर दिसले. पिशवी काढलेल्या, नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या गटात स्तनकॅन्सर वाढला नाही. तिथं पक्षाघात थोडे वाढले म्हणून ती चाचणी थांबवली. त्या भीतीतून पस्तिशीच्या बाईचंही औषध बंद झालं. स्तनकॅन्सर होऊन गेलेला, पायात गुठळी, पक्षाघात, यकृताचा आजार, न कळलेला रक्तस्राव: यांपैकी काही असेल तर नको. गुठळीची भीती असेल तर गोळीपेक्षा कातडीवरचं जेल बरं, ते दंडाला किंवा मांडीला, चेहऱ्याला किंवा छातीला नाही. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं तर हिशोब बाईच्या बाजूनं असतो. मात्र नुसत्या सुरकुत्यांसाठी हार्मोन मागायला जाऊ नका, तेवढ्यासाठी कोणी देऊही नये.

वैद्य_अंबाजोगाई
अंडाशयच काढलेत तिथं तुमची गोळी द्या, वाद नाही. शतावरीनं नवीन अंडाशय उगवतात असं आम्ही कुठं म्हणलो? पण तिलाही तेल लावा. गोळीनं पाठ चोळली जात नाही.

सिस्टर_जालना
लावा की. कोण नाही म्हणतंय.

धारूरघाट ताई, तुम्ही वांग म्हणालात. उन्हात राबणाऱ्या बाईला त्याच्यावर मेडिकलमधून ‘गोरं करणारी’ ट्यूब मिळते, तिचे घटक वाचा: हायड्रोक्विनॉन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. शेवटचं स्टेरॉइड. पहिले दोन महिने चेहरा उजळ, मग लालसर, बारीक शिरा, लव, पुटकुळ्या, आणि सोडली की आग. पातळ कातडीवर हे आणखी लवकर. बरेच दिवस लावली असेल तर एकदम न थांबवता त्वचारोगतज्ज्ञाच्या हातून उतरवा. पदर नाकापर्यंत, रुंद काठाची टोपी, परवडलं तर रंग असलेलं सनस्क्रीन दोन बोटांच्या लांबीएवढं. वांगाला दिसणारा उजेडही वाढवतो आणि बिनरंगाचं मलम तो अडवत नाही.

लातूरकर_77
फडात सनस्क्रीन. वाह.

सिस्टर_जालना
म्हणूनच पदर आधी लिहिलाय. वाचत जा.

परभणी_कुसुम
एक विचारते, इथं पुरुषही आहेत म्हणून कोणी बोलंना. खाली कोरडं पडून आग होते, लघवीला जळजळ होते, त्याला बाया मुतखड्याचं औषध घेत बसतात. त्याचं?

सिस्टर_जालना
बरं झालं विचारलं. इस्ट्रोजेनचं आत लावायचं क्रीम मिळतं: दोन आठवडे रोज रात्री, पुढं आठवड्यातून दोनदा. रक्तात फारच थोडं उतरतं, पिशवी असली तरी प्रोजेस्टेरॉन लागत नाही. स्तनकॅन्सर होऊन गेला असेल तर आधी त्या डॉक्टरांना विचारा. तिथं साबण, डेटॉल, तुरटी काही नको. आणि पाळी थांबून वर्ष झाल्यावर एक थेंब जरी लाल दिसला तरी सोनोग्राफी. “पाळी परत आली” म्हणून हळदीकुंकवाला बसू नका.

धारूरघाट
डिस्चार्ज कार्डाचं म्हणालात. निम्म्या जणींकडं नाही, मुकादमाच्या पिशवीत ऑपरेशनची पावती तेवढी असती. मग कसं कळायचं अंडाशय आहेत का नाहीत?

सिस्टर_जालना
आधी त्याच दवाखान्यात लेखी अर्ज करून केसपेपरची प्रत मागा, द्यावी लागते. नाहीच मिळाली तर सोनोग्राफी आणि एफएसएच (हार्मोनची रक्ततपासणी), चार-सहा आठवड्यांच्या अंतरानं दोनदा. पंचेचाळिशीपुढच्या, पाळी असलेल्या बाईला एफएसएच उगाच करायला लावतात; हिला मात्र खरंच लागतं. दोन्ही वेळा 30-40च्या वर आलं तर अंडाशय गेलेत किंवा थांबलेत. उपचार दोन्हीकडं एकच.

धारूरघाट
दिवाळीआधीच करावं लागंल मग. एकदा टोळी कारखान्यावर गेली की चार-सहा आठवड्यांनी दुसरं रक्त द्यायला कोण येतंय.