माळ काढून ठेवलीय, आई वारीला जा म्हणते. जाऊ का?

शिंपी_सांगली
सांगलीत माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा दुकानाचा फक्त बोर्ड दिसत होता. आत चार मशिनं आणि गिऱ्हाइकांचे शंभरावर ब्लाउजपीस. पाणी उतरल्यावर गाळात हात घालून एकेक ओढून काढला. एका पैठणीच्या ब्लाउजचा काठ तेवढा ओळखू आला. मापांची वही माळ्यावर होती, ती कोरडी राहिली. म्हणजे कुणाचं काय गेलं ते सगळं नावानिशी शिल्लक! जरा उभा राहतोय तोवर लॉकडाऊन लागला. मग २०२१ च्या मे महिन्यात आण्णा गेले. बेड मिळेपर्यंत उशीर झाला, एवढंच लिहितो.

आण्णांनी एकवीस वाऱ्या केल्या. मला दहावीनंतर माळ त्यांनीच घातली. तेराव्यानंतर आठवड्याभरात मी ती काढून बटणांच्या डब्यात टाकली. पुढे मित्रांबरोबर मटणालाही बसलो. चव लागली नाही, पण बसलो.

आता आईचे गुडघे गेलेत. ती म्हणते, "आण्णांची वारी मोडू नको, माझ्या वाटचीही चाल." माझा विश्वास उरलेला नाही. असं असून चाललो तर ते ढोंग होईल का? आणि खरं सांगा, संकटातून श्रद्धा वाढते म्हणतात तसं होतं, की माणसं मागाहून तसं म्हणतात?

रामकृष्णहरी_७२
माऊली, देव आपल्याच माणसांची परीक्षा घेतो. निःशंक जा. सगळं चांगलं होईल.

नास्तिक_नाशिककर
आधी आईला स्पष्ट सांगा की माझा विश्वास नाही. मग जा नाहीतर राहा. न सांगता गेलात तर अडीचशे किलोमीटर तेच डोक्यात घोळत राहील.

भाजीवाली_मावशी
दादा, मी नगर जिल्ह्यातली. २०१८ ला मालकांना लकवा झाला, उजवी बाजू गेली. तोवर मी एकटी तालुक्यालासुद्धा गेले नव्हते. मग पहाटे चारला मार्केटात जाऊन मेथीच्या जुड्या मोजायला शिकले, लिलावात बोली लावायला शिकले, पोराची गाडी चालवायला शिकले. लोक म्हणतात, किती खंबीर झालीस गं. मला कुठं व्हायचं होतं खंबीर? मला मालक चालते-बोलते हवे होते.

२०२० ला पादुका एसटीतून पंढरपूरला गेल्या, पुढच्या वर्षीही तसंच. २०२२ ला पायी वारी परत सुरू झाली तेव्हा जावेला घरी बसवलं आणि आळंदीहून निघाले. भक्तीबिक्ती काही नाही, भांडायला निघाले होते. दिवे घाट चढताना पावसात इतकी वैतागले की सासवडहून परत फिरायचं ठरवलं होतं.

एका मुक्कामाची गोष्ट सांगते. संध्याकाळी तळावर समाज आरती असते. सगळ्या दिंड्यांचे टाळ एकदम वाजत असतात. चोपदारांनी चोप, म्हणजे हातातला दंड, वर केला की सगळं चिडीचूप, एवढ्या माणसांत लांबचं लेकरू रडलेलं ऐकू येतं. मग काय हरवलं, काय सापडलं ते पुकारतात. कुणाचा चष्मा, कुणाचा तांब्या. पण ज्या दिंडीचं गाऱ्हाणं असतं ती टाळ थांबवत नाही. त्या आवाजाचा माग काढत चोपदार जातात, ऐकून घेतात, तेव्हा कुठं टाळ थांबतात. त्या दिवशी एक दिंडी वाजवतच होती. शेजारच्या आजीला विचारलं, काय झालं असेल हो? म्हणाली, "पाण्याचा टँकर आला नाही त्यांचा."

माऊलींच्या पालखीपुढं, भर आरतीला, टँकरसाठी टाळ बडवायची मुभा आहे! मग मालकांच्या हातासाठी मी का गप्प बसू? तेव्हापासून रोज विठोबाशी बोलते, मनात येईल ते सुनावते. पंढरपुरात दर्शनबारीला उभी राहिले नाही. कळसाला हात जोडले, बुक्का आणि चुरमुरे घेतले, एसटी धरली. हात अजून उचलत नाही मालकांचा. तरी मी दरवर्षी जाते. याला श्रद्धा म्हणायचं का ते तुम्हीच ठरवा.

माजी_मास्तर
'परीक्षा' हा शब्द मला खटकतो. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्नाविना गेली, मुलगा गेला, दुकानाचं दिवाळं निघालं. असली परीक्षा कोणता बाप घेईल? पुढं कर्जखतं इंद्रायणीत बुडवली ते सगळे सांगतात. पण आधी निम्मी खतं धाकट्या भावाला, कान्होबाला, देऊन टाकली आणि बुडवली ती फक्त स्वतःच्या वाटणीची, हे सांगायचं राहून जातं. विरक्तीतसुद्धा भावाच्या पोटाचा हिशेब सुटला नाही. तुमची पोस्ट वाचून मला तेच विचारावंसं वाटलं : त्या वहीचं पुढं काय केलंत?

शिंपी_सांगली
मास्तर, बरोबर पकडलंत. महिन्याला दोन-तीन नावं फेडतो. जमेल तसं कधी कापड, कधी पैसे. बऱ्याच जणींनी नको म्हटलं. पैठणीवालीनं पुरे पैसे घेतले आणि जाताना नवीन ब्लाउज टाकून गेली. अजून नऊ नावं आहेत.

आईला काल रात्री सांगितलं. ती म्हणाली, "मला ठाऊक आहे. बटणांचा डबा कोण आवरतं?" झालं, मी इतकी वर्षं उगाच लपवत होतो.

मावशी, लोणंदपासून पुढं येतो, दुकान तेवढेच दिवस बंद ठेवणं परवडेल. माळ डब्यातच राहील, चालत असेल तर सांगा. दिंडीची भिशी, म्हणजे जेवणा-मुक्कामाची वर्गणी, किती पडते? आणि तुमच्या राहुट्यांची शिवण उसवते का? हातशिलाईचं सामान बरोबर घेतो.

भाजीवाली_मावशी
उसवते का म्हणून काय विचारता, मागच्या साली निम्मी रात्र कापड धरून बसलो होतो. साध्या सुईचं काम नाही ते, दाभण आणि जाड दोरा आणा. भिशीचं विणेकरी बाबांना विचारून कळवते.