एसीएल दुसऱ्यांदा फाटल्यावर पुन्हा स्पर्धेत उतरावं का?

मैदानवाला:
आमच्या कबड्डी मंडळाचा चढाईपटू, वय २१. एसीएल म्हणजे गुडघा आतून धरून ठेवणारा बंध. त्याच्या पहिल्या ऑपरेशननंतर सहाव्या महिन्यात मॅटवर आला. पुढच्याच मोसमात चढाईवरून मागे वळताना गुडघा सटकला, कोणी हातही लावला नव्हता. आता सगळे त्याला भरीस घालताहेत, ‘मागे बरा झालास, आताही होशील.’ मला हे अजिबात पटत नाही. ऑपरेशन जरूर करावं, पण जिना धड उतरता यावा म्हणून. दुसऱ्यांदा ऑपरेशन झालेल्यांवर अमेरिकेत ‘मार्स’ नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यातल्या पहिल्या ४६० रुग्णांपैकी ९० टक्क्यांच्या गुडघ्यात हाडांमधली गादी किंवा हाडांच्या टोकांवरची कूर्चा आधीच खराब झालेली सापडली. हा गुडघा पहिल्या वेळचा राहिलेलाच नसतो.

कोपरारक्षक:
दादा, आकडा बरोबर आहे, निष्कर्ष घाईचा आहे. पहिलं ऑपरेशन का फसलं ते आधी बघा. त्याच ४६० जणांत ३२ टक्के नव्या मारामुळे आले होते आणि २४ टक्के तांत्रिक चुकीमुळे, बहुतेक वेळा ग्राफ्ट, म्हणजे फाटलेल्या एसीएलच्या जागी बसवायचा नवा बंध, ओवण्यासाठीचा मांडीच्या हाडातला बोगदा चुकीच्या जागी पाडल्यामुळे. अशी चूक सुधारता येते. पुढे त्या अभ्यासात १,२००वर रुग्ण झाले, त्यांच्यात दोन वर्षांत ग्राफ्ट पुन्हा फाटल्याचं प्रमाण जेमतेम ३ टक्के होतं.

मैदानवाला:
ग्राफ्ट शाबूत आहे म्हणजे गुडघा शाबूत आहे असं नाही रे. दुखणं, सूज, खेळाची पातळी या सगळ्यात दुसऱ्या वेळचे रुग्ण पहिल्या वेळच्यांपेक्षा मागेच राहतात. शिवाय जुने बोगदे रुंदावले असतील तर आधी त्यात हाड भरायचं, ते जुळेपर्यंत काही महिने थांबायचं आणि मग ग्राफ्ट. म्हणजे दोनदा भूल, दोनदा खर्च.

फिजिओताई:
तुम्ही दोघं ऑपरेशनवर भांडताय, मला तो ‘सहावा महिना’ खुपतोय. २०१६ साली डेलावेअर आणि ऑस्लोच्या संशोधकांनी पहिल्या ऑपरेशनच्या रुग्णांवर दाखवलं, की नवव्या महिन्यापर्यंत खेळ जितका लांबवाल तितका पुन्हा दुखापतीचा धोका दर महिन्याला निम्म्याने उतरतो. माझ्याकडे अशी मुलं येतात. चालणं झकास, धावणंही ठीक. पण खुर्चीवरून एका पायावर उठायला सांगितलं की ऑपरेशनचा गुडघा आत वळतो आणि मांडी थरथरते. मापाची टेप लावली तर तीच मांडी दुसरीपेक्षा बारीक. अशा पायावर त्याला चढाईला कोणी सोडलं?

कोपरारक्षक:
ताई, सोडलं ते निवड चाचणीने. रेल्वे, पोलीस, बँका, सगळीकडे खेळाडू कोट्याची भरती वयात बसेपर्यंतच. या मुलाच्या घरी पक्का पगार कोणालाच नाही. ‘खेळू नकोस’ म्हणणं सोपं आहे, मैदानवाले. त्याला वर्षभर नीट व्यायाम, खुराक आणि मंडळाकडून खर्च द्या, मग त्याला ठरवू द्या.

मैदानवाला:
खर्च मंडळाने उचलावा, हे शंभर टक्के मान्य. उद्याच्या बैठकीत मीच मांडतो. पण आधी जुन्या ऑपरेशनचे कागद आणि बोगद्यांचा सीटी स्कॅन आणि गादीचा एमआरआय दुसऱ्या सर्जनला दाखवायचा. गादी बरीचशी शाबूत निघाली तर मी आडवा येणार नाही. नाही निघाली, तर भरती असो की नसो, चढाईला माझा विरोध राहील आणि तो मी त्याच्या आईसमोर सांगेन.

फिजिओताई:
स्कॅनची वाट बघत बसू नका. सूज उतरली असेल तर त्याला याच आठवड्यात माझ्याकडे पाठवा. ऑपरेशन होवो न होवो, मांडी आत्तापासून कमवावी लागेल.