ॲलिसेंट खोटारडी की भाबडी?

प्रश्न: 'हाऊस ऑफ द ड्रॅगन' मालिकेचा २०२२चा सीझन काल आईसोबत परत पाहिला. मरणपंथाला लागलेला राजा व्हिसेरिस पूर्वज एगॉनबद्दल पुटपुटतो, त्याच्या राणीला, ॲलिसेंटला, वाटतं त्याच नावाच्या आपल्या पोराला गादी देतोय. मला ती खोटारडी वाटत नाही. तुम्हाला?

उत्तर: खोटारडी नाही, पण कानाला हवं तेच ऐकलं तिने.

उत्तर: पुढची बैठक बघा. तिच्या बापाने, मंत्र्यांनी पोराला गादीवर बसवायचं सगळं तिच्या नकळत आधीच ठरवलेलं असतं. हादरतेच ती! नखांजवळची कातडी सोलत बसायची सवय पोरवयापासूनची आहे. बापाच्या धाकातली मुलगी.

प्रश्नकर्ती: बोटं! आईनेही तीच दाखवली. आम्ही नाशिकला आनंदवल्लीत राहतो, राघोबादादांच्या गावात. 'ध'चा 'मा' केल्याचा ठपका आनंदीबाईंवरच बसला. एका शब्दापायी बाईलाच धरतात, याचा मला फार राग येतो.