खुनाच्या खटल्यात मुद्देमाल कसा तपासावा?

प्रश्न: सरकारी बचाव वकील म्हणून खुनाची फाईल हाती आलीय. चाकू, रक्ताचे कपडे, डीएनए अहवाल. उलटतपासाआधी काय बघू?

उत्तर १: अहवाल शेवटी. आधी जप्ती पंचनामा, मुद्देमालाची नोंदवही, प्रयोगशाळेची पोच शेजारी ठेवा. पाकिटांची संख्या, सील, तारखा, सह्या जुळवा. ओला शर्ट प्लास्टिकमध्ये बंद केला असेल तर थांबाच! ओलाव्यात जिवाणू डीएनए खराब करतात. वाळवून कागदी पाकीटच हवं.

उत्तर २: चाकू आणि शर्ट एकाच पाकिटात होते का? मग कुठलं रक्त कुठून लागलं? मिश्र नमुना (एकाहून जास्त जणांचा डीएनए) असेल तर प्रयोगशाळेकडून डीएनए चाचणीचा मूळ आलेख मागवा.

उत्तर ३: त्रुटी सापडली तरी साक्षीदाराला ‘का’ विचारू नका, तो सारवासारव करेल. एका प्रश्नात एकच गोष्ट. पण आधी अशिलाला भेटा. बचाव स्वसंरक्षणाचा असेल तर वार केल्याचं आपण मान्यच करतो, मग रक्त कुणाचं यावरून भांडण्यात फारसा अर्थ नाही.